निळ्या कागदावरचे सलाम

फुफी, तुला वाचता येत नव्हतं म्हणून हे लिहायचा धीर झाला. वाचता येत असतं तर पहिल्याच ओळीला म्हणाली असतीस, "अक्षर बघ हिचं, मुंग्या दिंडीला निघाल्यात." माझी शाळा चौथीपर्यंतची, तीही मराठी, कारण मोहल्ल्यातल्या उर्दू शाळेला तीन वर्षं मास्तरच मिळाला नाही आणि बाबांनी वैतागून मला खाडीपलीकडच्या मराठी शाळेत घातलं. त्या चार यत्तांवर मी सगळा जन्म काढला. आता हात थरथरतो, एक वेलांटी काढायला दोनदा श्वास घ्यावा लागतो. सून शिकलेली आहे पण तिला माझं अक्षर लागत नाही. मुलाला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. नातीला बोलताही धड येत नाही, मी मराठीत विचारते आणि ती इंग्रजीत उत्तर देते, मधल्या मध्ये आमचा संसार चालतो. म्हणजे हा कागद घरात कुठेही पडला तरी पेटीला कुलूप घातल्यासारखाच आहे.

तुला 'तू' म्हणते आहे ते तूच लावून दिलंस म्हणून. बापाची सख्खी बहीण, जन्मल्यापासून 'फुफी, तू' म्हणत आले, आणि तुझ्या लेकाशी निकाह लागल्या दिवसापासून सगळ्या बायका कानाशी लागल्या, आता सासू झाली, 'तुम्ही' म्हण. आठ दिवस म्हटलं. नवव्या दिवशी तू भाकरी थापता थापता म्हणालीस, "पुरे झाला तमाशा. 'तुम्ही' ऐकलं की मना वाटतं मागे कोण पाहुणा उभा आहे."

लिहायला निमित्त झालं ते नातीच्या तक्त्याचं. तिच्या शाळेत सध्या अमेरिकेतल्या एका कुटुंबाचा धडा चाललाय, दीडशे वर्षांपूर्वीच्या. इथे कुवेतात, जाब्रियातल्या आमच्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरात टेबलावर पुस्तक पसरून बसते आणि मला सांगते, कारण आईला वेळ नसतो आणि मी लसूण सोलत कुठेही जात नाही. नवरा, बायको, चार मुलं. गाडीवर पांढरं कापड ताणलं, बैल जुंपले आणि निघाले मावळतीकडे, जिथे फुकट जमीन मिळेल तिथे. महिनोन् महिने चालले. पोचले तर झाड नाही की लाकूड नाही, नुसतं गवत. मग गवताची जमीनच मुळांसकट विटांसारखी कापली आणि तिचं घर बांधलं. पाऊस पडला की छपरातून चिखल गळायचा, एकदा म्हणे जेवताना वरून साप पडला. चुलीला रानबैलांचं वाळलेलं शेण. मी म्हटलं, "मग? गोवऱ्या. त्यात पुस्तकात छापण्यासारखं काय आहे?" तर म्हणाली, "दादी, ते पायोनियर होते!" म्हणजे कोण, विचारलं. तिने डोळे वर करून मराठी शब्द शोधले. "जे पहिले जातात. जिथे काही पण नसतं तिथे." मी म्हटलं, काही नसतं कसं, तिथे आधीचे कुणी राहत असतीलच की. आम्ही पहिल्यांदा इथे आलो तेव्हा फिंतास गावात माणसं नव्हती का? तिने दोन पानं उलटून पाहिलं आणि म्हणाली, "होते, दादी. पण ते नेक्स्ट चॅप्टरमध्ये आहेत."

त्या बाईचा फोटो आहे पुस्तकात. घरासमोर खुर्ची टाकून बसलीय, हात मांडीवर, ओठ असे मिटलेले की सुई जाणार नाही. तिने मागे राहिलेल्या बहिणीला पत्रं लिहिली आणि बहिणीने ती जपून ठेवली, त्यावरून शिकलेल्या लोकांनी त्या कुटुंबाचा सगळा माग काढला. कधी काय पेरलं, कोण जन्मलं, कोण गेलं. "आणि दादी," नात म्हणाली, "तिने कध्धी कम्प्लेन केलं नाही. एका पण लेटरमध्ये नाही." मी म्हटलं, "पत्र ती स्वतः लिहायची की सांगायची आणि दुसरं कुणी लिहायचं, ते विचार तुझ्या मिसला." तर तिने तेसुद्धा वहीत उतरवून घेतलं. भोळी आहे. तुझ्यावर गेलेली नाही.

मिसने पुढे काम दिलंय की आपापल्या घरातलं असं पहिलं कुटुंब शोधा आणि त्याचा तक्ता करा. आता आमच्या घरात पहिलं कोण? तू. तुझा लेक आधी आला होता, पण पुरुष एकटा येतो तेव्हा तो नोकरीला आलेला असतो. बाई पाटा-वरवंटा घेऊन उतरते तेव्हा घर येतं. आणि तू अक्षरशः पाटा घेऊन उतरलीस. मुंबईच्या धक्क्यावर हमाल म्हणाला, "म्हातारे, कुवेतात दगड मिळत नाहीत काय?" तू म्हणालीस, "मिळत असतील. माझ्या हाताचे नसतील." दहा-बारा दिवस बोटीच्या डेकवर आपण त्या पाट्याला टेकून काढले. शेजारी आमसुलांची बरणी, सुक्या जवळ्याची पिशवी, उकड्या तांदळाचं गाठोडं. बोट किनाऱ्याला लागलीच नाही, लांब समुद्रात उभी राहिली आणि खाली होडी आली. शिडीवरून मी उतरले ती डोळे मिटून. तुझी उतरायची पाळी आली तेव्हा वरून हाक मारलीस, "आधी पाटा घ्या!" माझं वय तेव्हा अठरा, तुझं पंचावन्न असेल. पन्नास साल उलटून पाच-सहा वर्षं झाली होती आणि इथे अजून आपलाच रुपया चालायचा, त्यामुळे मला वाटलं होतं, फार लांब आलो नाही.

फिंतास म्हणजे समुद्राकाठचं छोटं गाव, चार खारट विहिरी, थोडी खजुरीची झाडं आणि मातीची घरं. त्यातल्या एकाच्या मागच्या अंगाला आपल्या दोन खोल्या. घरमालक म्हातारा जुना खलाशी होता, तरुणपणी गलबतावरून आपल्या किनाऱ्याला लाकूड न्यायला यायचा, तेवढ्यावर त्याला मोडकं हिंदी येई. तुझा लेक पाइपलाइनच्या गँगमध्ये, सहा दिवस वाळवंटातल्या तंबूत आणि जुम्म्याला घरी. म्हणजे आठवड्यातले सहा दिवस त्या दोन खोल्यांत तू आणि मी, दारापुढे वाळू, वाळूपुढे समुद्र, आणि आपली भाषा बोलणारं तिसरं माणूस नाही. हिवाळ्यात पाऊस आला आणि छप्पर गळलं, चटईवर चिखलाचे गोळे पडले. साप नाही पडला, एवढाच अमेरिकेत आणि आपल्यात फरक. मी रडायला लागले तेव्हा तू वर न बघता म्हणालीस, "रडायचं तर विहिरीवर जाऊन रड. तिथलं पाणी नायतरी खारटच आहे." गोडं पाणी टँकरवरून डब्याने यायचं आणि ते फक्त पिण्याला. खाऱ्या पाण्यात डाळ शिजायची नाही, तासभर उकळली तरी दाणा तसाच टणक. तू तीही पाट्यावर वाटून आमसूल घालून कढ दिलास आणि लेकाला वाढलीस. तो म्हणाला, "आई, अगदी गावच्यासारखं." तो बाहेर हात धुवायला गेल्यावर मला म्हणालीस, "पुरुषांना असं फसवायचं असतं. शिकून घे."

आता मुख्य गोष्टीकडे येते, किती वेळ दारात उभी राहू. दर महिन्याला तुझा लेक अहमदीच्या पोस्टातून निळं हवाई पत्र आणायचा, ते पातळ, तीन घड्या घालून कडेला चिकटवायचं. तू सांगायचीस, मी लिहायची, पत्र जायचं तुझ्या भावाला, म्हणजे माझ्याच बापाला. पण आपल्याकडे पत्र एकाला येत नाही. पत्र आलं हे पोस्टमन वाटेतच चार घरांना सांगतो, संध्याकाळी आमच्या पडवीत सगळी वाडी जमते, मशिदीतले खतीब चष्मा लावून मोठ्याने वाचतात आणि प्रत्येक जण आपलं नाव कधी येतं त्याची वाट बघत असतो. वरच्या घरातल्या चाचीस सलाम. मशिदीमागच्या मामूंस सलाम. खतीबांच्या सुनेस व लहानग्यांस दुवा. एक घर सुटलं तर ते घर पुढच्या ईदेला शेवया पाठवणार नाही. म्हणून आधी सलाम, मग बाकीचं. बावीस घरं होती, मी मोजलेली आहेत. बावीस सलाम लिहीपर्यंत कागद संपायचा आणि तुझ्या स्वतःच्या गोष्टीला खाली दोन बोटं जागा उरायची. त्यात मी लिहायचे, 'बाकी सर्व खुशाल'. तू म्हणायचीस, "मी एवढं बोलले ते कुठे गेलं?" मी म्हणायचे, "फुफी, जागा संपली." आणि ते खरं असायचं.

एकाच घराला सलाम नसायचा, ते म्हणजे शेजारणीचं. कुंपणावरच्या फणसावरून तुमचा अबोला, बुंधा तिच्याकडे आणि फांद्या आपल्याकडे, बारा वर्षं तुम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलंही नव्हतं. दर पत्राला तू बजावायचीस, "तिचं नाव कागदाला लागता नये."

दुसऱ्या वर्षी थंडी संपता संपता तुझे पाय सुजले. जिना चढल्यासारखा दम लागायचा, आणि जिना तर तिथे नव्हताच. डॉक्टर म्हणाले मीठ बंद. तू हसलीस, विहीरच खारट, मीठ बंद कसं करू. मग तीन दिवस धुळीचं वादळ झालं, इथले लोक त्याला तोझ म्हणतात. दारं बंद, भर दुपारी कंदील, दातांत वाळू. चौथ्या दिवशी उघडलं. तू केरसुणीने सूपभर वाळू काढलीस, चटईवर बसलीस, पाय लांब केलेस आणि म्हणालीस, "कागद घे." मी घेतला आणि सवयीने सुरुवात केली, खतीबांच्या घरी... तू हात केलास. "सलाम राहू दे गो आज. सलामाने कुणाचं पोट भरत नाय." मग काय लिहू, मी विचारलं. तू भिंतीकडे बघत सांगितलंस, एकेक शब्द मला आजही पाठ आहे. "भावा, मना इथे मरायचं नाय. माझे पाय सुजलेत. पावसाआधीच्या बोटीने ये आणि मना घेऊन जा. पोर एकटी राहील, शिकून घेईल, पोरी शिकतात." आणि मला म्हणालीस, "एवढंच लिही आणि वाचून दाखव."

बाबा आले असते. तुलाही ठाऊक होतं आणि मलाही. बैल विकला असता, पण आले असते. मी खाली मान घालून लिहायला लागले. इतकी वर्षं मी मनाशी धरून आहे की मला सातवा महिना होता, पोटात पोर लाथा मारत होतं, दाई नाही की आई नाही, तू गेलीस तर त्या वाळूत माझं आणि त्याचं काय होणार, या भीतीने माझा हात फिरला. ही भीती कोणालाही कळेल. काझीसमोर उभं केलं असतं तर त्यानेही सोडलं असतं. तर मी लिहिलं, इकडील सर्व खुशाल, आणि सुरू केले सलाम. वरच्या घरातल्या चाचीस. मशिदीमागच्या मामूंस. बावीस घरं झाली आणि कागद अजून उरला, कारण त्या दिवशी भीतीने अक्षर बारीक आलं होतं. खाली रिकामं ठेवलं असतं तर तू म्हणाली असतीस, जागा आहे की, आणखी लिही. म्हणून मी दोन-चार घरांना दुसऱ्यांदा सलाम घातला. आणि तरीही उरलं तेव्हा फणसवाल्या शेजारणीला घातला. तिलाही दोनदा. मग तू म्हणालीस वाच, आणि मी वाचलं. डोळ्यांपुढे सलाम होते आणि तोंडात तुझी वाक्यं. पायांच्या सुजेशी आल्यावर माझा आवाज भरून आला. तुला वाटलं, पोरगी हळवी आहे. तू माझ्या पाठीवरून हात फिरवलास. सगळ्या आयुष्यात तू तेवढा एकदाच फिरवलास.

मग तू वाट बघायला लागलीस. लुगडी धुऊन, घडी करून पेटीत भरलीस. रोज दुपार कलल्यावर, अस्राच्या नमाजानंतर दारात बसून समुद्राकडे बघायचीस, लांबून तेलाच्या बोटी जायच्या, आणि तू विचारायचीस, "ही आपली का गो?" मी म्हणायचे, "नाही, ही आपली नाही." ते तरी खरं सांगत होते.

वैशाखात एका जुम्म्याला, तुझा लेक मशिदीत गेलेला असताना, दारात आपल्या गावचा माणूस उभा राहिला. मुंबईच्या बोटीवर भंडारी होता, खलाशांचं जेवण रांधायचा, लॉरी पकडून फिंतासपर्यंत आला होता. तू उठायच्या आत मागे बघितलंस, आणखी कोणी आहे का. तो एकटाच होता. त्याने पिशवीतून केळीच्या पानात बांधलेलं पुडकं काढलं आणि म्हणाला, "चाची, तुमच्या शेजारणीने दिलंय. फणसपोळी. पत्र वाचलं तेव्हा पडवीतच रडली ती. म्हणाली, सांग तिला, सलाम पोचला, दोनदा पोचला, आता माझ्या मनात काय नाय." तू विचारलंस, "आणि माझा भाऊ?" तो म्हणाला, "मजेत. म्हणतो, बहीण सुखात आहे हे ऐकून जीव थंड झाला." चहा घेऊन तो गेला. मी कप विसळायला घेतले, गोडं पाणी की खारं हेही बघितलं नाही.

"मी हिला सलाम घातला?" तू मागून विचारलंस.

मला हजार उत्तरं देता आली असती. मी म्हटलं, "जागा उरली होती."

तुला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण सलाम आधी की बाकीचं आधी, किती बोललं की कागद कुठवर भरतो, हे तुला माझ्याहून चांगलं कळायचं. मग हळूच म्हणालीस, "होय? जागा उरली होती." ओरडली असतीस तर मी पायावर पडले असते. वरवंटा फेकून मारला असतास तरी चाललं असतं. तू सुरी घेतलीस, फणसपोळीचे तीन तुकडे केलेस, एक लेकासाठी झाकून ठेवलास आणि मोठा माझ्या हातात दिलास. "खा," म्हणालीस. "झाड माझंच आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी पेटी उघडी दिसली, लुगडी परत दांडीवर. त्यानंतर पत्राचा दिवस आला की तू पाटा धूत राहायचीस. काय लिहू विचारलं की म्हणायचीस, "सलाम घाल सगळ्यांना. तुला येतं ते." पाइपलाइनवरून आलेल्या लेकाला यातलं काही सांगितलं नाहीस. मी तेव्हा दोन महिने धास्तीत होते, आज सांगते आणि उद्या सांगते. न सांगून तू मला जे दिलंस ते मी अजून वागवते आहे.

तिसऱ्या उन्हाळ्यात तू गेलीस. घरमालकाची म्हातारी आणि मी, दोघींनी तुला आंघोळ घातली. तिला माझी भाषा नव्हती आणि मला तिची, पण तुझ्या पायांची सूज बघून तिने माझ्याकडे पाहिलं ते मला कळलं. पुरुष तुला घेऊन गेले. आपल्याकडे बायका मागे जात नाहीत, म्हणून तुझी कबर मी पाहिलेली नाही. तुझ्या लेकाने आपल्या रिवाजाप्रमाणे तिच्यावर सब्जा पेरला, तुझ्याच गाठोड्यातलं बी होतं. घरमालक म्हणाला, इधर ऐसा नहीं करते. वाद घालायची वेळ आली नाही, आठ दिवसांत उन्हाने तो जाळला. पुढे हा देश स्वतंत्र झाला, रुपया जाऊन दीनार आला, आम्ही बनेद अल-गारला राहायला आलो, तिथे नळ फिरवला की गोडं पाणी यायचं आणि पहिले काही दिवस मी उगाच फिरवून बघायचे. जागा ठाऊक असलेला एक तुझा लेक होता, तोही आता नाही. अमेरिकेतल्या त्या बाईची कबर सापडली म्हणे, दगड आहे, त्यावर नाव आहे. नातीने विचारलं, "दादी, पणजीची कुठे आहे?" मी म्हटलं, "इथेच." खिडकीकडे हात केला.

तू गेल्यावर पाच वर्षांनी मी गावी गेले. बाबा पडवीत बसले होते, म्हणाले, "बहीण सुखात गेली. एकदा पण 'ने मना' म्हणाली नाय. आणि जाता जाता शेजारणीशी जुळवून घेतलं, मोठ्या मनाची होती." शेजारीण कुंपणापलीकडून ऐकत होती, डोळ्याला पदर लावला तिने. मी चहात खारी बुडवून बसले होते, ती मोडून आत पडली. बोलायचं होतं तर तेव्हा बोलायचं होतं. गावातल्या दोन म्हाताऱ्या माणसांना मी काय सांगणार होते, की तुमचं समाधान मी एकोणिसाव्या वर्षी भीतीने लिहिलेलं आहे?

तर आता तो डबा. गेल्या वर्षी गावचं घर उतरवलं तेव्हा भाच्याने बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणून दिला, त्यात बाबांनी ठेवलेली तुझी सगळी पत्रं. नातीला कळलं तशी ती नाचायलाच लागली. तिने ती पत्रं तारखांप्रमाणे टेबलावर लावली, आणि काल दुपारी म्हणाली, दादी, तू वाच, मी लिहिते. मी वाचत गेले. वरच्या घरातल्या चाचीस सलाम. मशिदीमागच्या मामूंस सलाम. तिने रंगीत पेनाने गावाचं झाड काढलं, एकेका सलामाला एकेक पान. मला वाटलं, होऊ दे, पोरीचं काम होतंय. मग ते पत्र आलं. मी ते ओळखलं, अक्षर बारीक होतं. तरी तोंड चालूच राहिलं, मोठ्याने वाचायची सवय वाईट. पहिली ओळ होती: 'इकडील सर्व खुशाल. बाळ काल चाळीस दिवसांचा झाला.'

नात ओरडली, "दादी! हे तर पप्पा!"

मी कागद खाली ठेवला आणि चष्मा पुसला. पुन्हा वाचलं. माझंच अक्षर, माझीच वेलांटी. ती म्हणाली, पुढे? मी म्हटलं, पुढे सलाम आहेत. तिने ते घातले पानांत, दोनदा आलेले दोनदा घातले. शेजारणीलाही दोन पानं मिळाली. शेवटी तुझ्या नावाचा चौकोन केला आणि त्यात इंग्रजीत लिहून मला वाचून दाखवलं, पणजी कुवेतमध्ये खूप आनंदात होती, तिने कधी तक्रार केली नाही. मी म्हटलं, "हे खोड." का, तिने विचारलं. "खोड म्हणते ना." मग काय लिहू? मी म्हटलं, काही लिहू नको, चौकोन रिकामा ठेव. तिने गाल फुगवले, मार्क कापतील म्हणाली, पण खोडलं. आज सकाळी तो तक्ता गुंडाळी करून शाळेत गेला, मध्ये तुझ्या नावाखाली पांढरी जागा. त्यात काय जायला हवं ते मला पाठ आहे. मी तिला अजून सांगितलेलं नाही. तिच्या बापालाही नाही.

हे पत्र कुठे टाकणार? तुझा पत्ता मला ठाऊक नाही, आणि पोचलं तरी तुला दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावं लागेल, आणि ती काय वाचेल याचा भरवसा तूही आता धरणार नाहीस. डब्यात बाकीच्यांच्या तळाशी ठेवते. यात कुणालाही सलाम घातलेला नाही, बघ, खाली अर्धं पान उरलंय. तर ऐक. मला सातवा महिना नव्हता. पोर झालेलं होतं, तूच काढलंस, नाळ तूच कापलीस, चाळीस दिवस मला शेकलंस आणि न्हाणं झाल्यावर मगच म्हणालीस की मला जाऊ दे. तोपर्यंत तू थांबली होतीस. पोर तुझ्या मांडीवर झोपलं होतं आणि मी धडधाकट होते. मला बाळंतपणाची भीती नव्हती, फुफी. मला फक्त एकटं राहायचं नव्हतं.